गुंतवळीतली तारीख

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया नावाची वेधशाळा आकार घेते आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. कुठेतरी अब्जावधी प्रकाशवर्षांच्या पलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं जातं आणि आखडतं. ते आखडणं हे यंत्र मोजणार आहे, प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतक्या बारकाईने. हे किती सूक्ष्म आहे ते सामान्य माणसाला सांगायची वेळ आली की लायगोचे शास्त्रज्ञ एका जुन्या, घरच्या मापाकडे वळतात: माणसाचा केस. सूर्यानंतर सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि चूक मात्र केसाच्या जाडीहूनही कमी!

आता याच केसाचा दुसरा हिशेब मांडून बघा. डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येक केस दिवसाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. एकूण वाढ किती झाली? रोज तीसपस्तीस मीटर. वर्षाला अकरा-बारा किलोमीटर! लायगोच्या दोन्ही भुजा मिळून आठ. म्हणजे औंढ्याच्या बाजारात भाव करत उभी असलेली कुठलीही बाई वर्षभरात त्या दोन्ही भुजांवर अंथरून वर उरेल इतका धागा डोक्यावर तयार करते. झोपेत, स्वयंपाक करताना, हळद काढताना, कशाही वेळी. तिला पत्ताही नसतो.

तिला पत्ता लागतो तो केस फणीत आल्यावर. मग सुरू होते शोधाशोध. शाम्पू बदलला म्हणून? बोअरचं पाणी जड आहे म्हणून? तेल लावायचं राहिलं म्हणून? आणि इथेच केसाने आपल्याला फसवलेलं असतं, कारण फणीत आलेल्या केसाची गोष्ट बहुतेक वेळा या आठवड्यातली नसतेच. ती असते तीन महिन्यांपूर्वीची.

ते कसं, हे समजायला कातडीच्या खाली उतरावं लागेल. जो केस आपण धुतो, विंचरतो, माळतो, तो मेलेला आहे. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग आहे तीनचार मिलिमीटर खाली, केसाच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा गड्ड्यात. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने दुभंगणाऱ्या पेशींपैकी आहेत. जन्मायचं, वर सरकायचं, पोटात केराटिन नावाचं प्रथिन ठासून भरायचं आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यांच्या प्रेतांची जी रांग डोक्यातून बाहेर येते तिला आपण वेणी घालतो.

आणि हा कारखाना सतत चालत नाही. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोनतीन आठवड्यांत त्याचं मूळ आक्रसतं. मग सुमारे तीन महिने तो नुसता बसून राहतो. खालून पोसणं बंद झालेलं असतं, वाढ थांबलेली असते, पण केस जागा सोडत नाही. अखेर खालून नवा केस उगवू लागला, की जुना निसटतो. भुवईचा केस कधी कापावा का लागत नाही, याचा विचार केलाय? त्याची वाढीची मुदतच काही महिन्यांची असते. मुदत संपली की तो थांबतो आणि गळतो. कुणाची वेणी कमरेखाली जाते आणि कुणाची खांद्यावर अडते, यातही मोठा वाटा तेलापेक्षा या मुदतीचा असतो.

डोक्यावरचे एक लाख केस एकाच वेळी गळत नाहीत, यामागची व्यवस्था तर फारच सुंदर आहे. शिवारात प्रत्येक वाफ्याची पेरणी वेगळ्या दिवशी झाली असेल, तर रोज कुठेतरी काढणी चालू राहील आणि शिवार मात्र बाराही महिने हिरवं दिसेल. डोकं हे असं शिवार आहे. पंच्याऐंशी-नव्वद टक्के केस वाढत असतात, बाकीचे बसलेले असतात, आणि रोज पन्नास ते शंभर केसांची काढणी होते. ती गळती नव्हे, तो रतीब.

हा रतीब किती भरवशाचा आहे याचा पुरावा मराठवाड्यातल्या गावागावांत दारावर येतो. फणीतली गुंतवळ बोटावर गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा पिशवीत जपून ठेवायची आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिच्या तागडीत टाकायची, हा व्यवहार जुना आहे. हाताच्या लांबीएवढ्या एका केसाचं वजन अडीच मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. दिवसाला साठ केस धरले, तर एका बाईची वर्षाची गुंतवळ पन्नासेक ग्रॅम होते. वीस घरं केली की किलोभर. यात कुणीही आजारी नाही, कुणाचंही टक्कल पडलेलं नाही. निव्वळ निरोगी गळतीवर हा धंदा उभा आहे, आणि असल्या केसांची निवड-सफाई करण्यावर कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरात कितीतरी घरं चालतात.

मग बिघडतं केव्हा? जेव्हा सगळ्या वाफ्यांची काढणी एकाच आठवड्यावर येते.

याचं सर्वांत देखणं उदाहरण बाळंतपण. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं आणि ते केसांना वाढीच्या अवस्थेत रोखून धरतं. ज्यांनी निवृत्त व्हायचं ते होत नाहीत. म्हणून शेवटच्या महिन्यांत केस दाट दिसतात, अंबाडा भरगच्च होतो. बाळ जन्मतं आणि इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. थोपवून धरलेले सगळे केस एकदम विश्रांतीला जातात. पण विश्रांती तीन महिन्यांची! म्हणून बाळंतिणीचे केस बाळंतपणात गळत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुठीमुठीने येतात. काही घरांतल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, बाळ आईला ओळखायला लागलं की तिचे केस गळतात. हसण्यावारी नेऊ नका. बाळ चेहरा ओळखून हसू लागतं तेही याच सुमारास. कारण चुकलं असेल, पण कालगणना अगदी बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे त्याच दिवसांत बाळाच्याही डोक्यामागचे केस विरळ होतात. उशीवर घासून गेले असं आपण म्हणतो, पण त्या भागातले केसही जन्माच्या वेळीच एकदम विश्रांतीला गेलेले असतात. मायलेकरं एकाच तारखेचा हिशेब चुकता करत असतात.

या गळतीला डॉक्टर टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. १९६१ साली अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने तिला हे नाव दिलं. बाळंतपणाखेरीज ती आणखी कशाकशाने होते? डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, खूप रक्त जाणं, घाईघाईत कमी केलेलं वजन, घरातला मृत्यू. कोविडच्या दिवसांत घरोघरी हेच झालं. ताप उतरला, माणूस उठून कामाला लागला, सगळं विसरला, आणि दोनतीन महिन्यांनी मोरीच्या जाळीत केसांचा गोळा. गारपीट भाद्रपदात, नुकसान मार्गशीर्षात! साहजिकच दोष येतो मार्गशीर्षात जे हाताशी असेल त्यावर. नवा शाम्पू, नवं गाव, नवी टाकी. जड पाण्याने केस राठ होतो, तुटू शकतो, हे खरं. पण मुळासकट, टोकाशी पांढरा गड्डा घेऊन आलेला केस पाण्याने तोडलेला नसतो. फणीतला केस उजेडात धरून त्याचं टोक बघा. गड्डा असेल तर तो मुदत संपवून आलेला आहे. कुठून तरी मधूनच तुटलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि या गळतीतली दिलाशाची बाब अशी, की तो केस निसटतो तेव्हा खाली नवा उगवायला लागलेला असतो. कपाळाच्या कडेने उभे राहणारे ते आखूड, हट्टी केस दिसले की समजायचं, शिवारात दुबार पेरणी झाली. बहुतेक बाळंतिणींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. औषध न घेतलेल्यांचेही. त्या काळात जे तेल घेतलं असेल त्याला श्रेय मिळून जातं, ही त्या तेलवाल्याची कमाई.

आता एक जरा कडू कारण. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह आणि केस यांचा संबंध काय? पेशी दुभंगायच्या आधी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्या नकलेची कच्ची सामग्री बनवणारं जे विकर आहे, त्याला काम करायला लोह लागतं. केसाच्या गड्ड्यातल्या पेशी सतत दुभंगणाऱ्या, म्हणजे सतत लोह मागणाऱ्या. टंचाईत शरीर काय करतं? हृदय, मेंदू, स्नायू यांचा पुरवठा आधी राखतं आणि ज्याच्यावाचून जगता येतं त्याचा तोडतं. केसांवाचून जगता येतं. शरीराचा हा निर्णय निर्दय आहे, पण चुकीचा नाही.

यातली मेख अशी, की रक्ताच्या साध्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं आणि तरीही कोठार रिकामं असू शकतं. ते कोठार मोजायला फेरिटिन नावाची वेगळी तपासणी करावी लागते. दर महिन्याला पाळीत जास्त रक्त जाणारी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी, जेवण होताच वर चहा घेणारी बाई हे कोठार कधी भरूच देत नाही. चहातली टॅनिनं भाजी-डाळीतलं लोह आतड्यात अडवून धरतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तर फुकटात फायदा आहे. पण हा सल्ला घराघरांतून ऐकला जाईल अशी मला फारशी आशा नाही.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी केस विरळ होतात, राठ होतात आणि कधी भुवयांची बाहेरची टोकं झडतात. डोक्याच्या केसांची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या भुवईकडे डॉक्टर का बघतात, ते यातून कळेल.

आतापर्यंतची सगळी गळती एकदम येणारी. पण एक गळती अशी आहे की जिच्यात मोरीत फारसे केस दिसतच नाहीत. दिसतो तो भांग. वर्षागणिक किंचित रुंद होत जाणारा. कुंकवाची रेघ तीच, पण तिच्या दोन्ही बाजूंनी कातडी जास्त दिसू लागते. पुरुषाचं कपाळ मागे सरकतं, बाईची कपाळाची रेषा मात्र बहुधा जागच्या जागी राहते आणि विरळपण भांगापासून पसरतं. एरिक लुडविग यांनी १९७७ साली या विरळपणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. इथे केस गळतो तितकाच पुन्हा येतो, पण दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड. वाफा पडीक पडलेला नसतो, त्यातलं पीक खुरटत चाललेलं असतं. यात घराण्याचा वारसा मोठा, आणि तो फक्त आईकडून येतो ही समजूत चुकीची आहे, वडिलांकडूनही येतो. अंडाशयातल्या गाठींचा विकार, म्हणजे पीसीओएस असेल, तर पुरुषी संप्रेरकांमुळे हाच प्रकार कमी वयात दिसतो. अजब तर्क बघा: तीच संप्रेरकं हनुवटीवरचा बारीक केस जाड करतात आणि डोक्यावरचा जाड केस बारीक. रेणू एकच, हुकूम उलटे! केसाचं मूळ कुठल्या जागचं आहे यावर उत्तर ठरतं.

या गळतीवर सर्वाधिक वापरलं जाणारं मिनॉक्सिडिल हे मुळात केसांचं औषध नव्हतंच. ते रक्तदाबावर देत. गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढू लागले. डॉक्टरांनी दुष्परिणाम म्हणून ज्याची नोंद केली, त्याचीच पुढे डोक्याला लावायची बाटली झाली. सुरुवातीला ती लावल्यावर केस थोडे जास्तच गळतात, कारण बसलेल्या केसांना ती उठवून लावते. नेमक्या त्याच आठवड्यांत घाबरून कितीतरी जणी बाटली फेकून देतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

चाई हा आणखी निराळा मामला. डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, न खाज, न खपली. किडा चाटून गेला असं म्हणत त्यावर कांदा-लसूण घासायची जुनी रीत. प्रत्यक्षात हल्ला आतून झालेला असतो. केसाचं मूळ ही शरीरातली एक संरक्षित जागा आहे. रोगप्रतिकारक पेशींना तिथे शिरायला सहसा मज्जाव असतो. काही कारणाने तो मज्जाव उठतो आणि आपलेच शिपाई आपल्याच मुळांवर तुटून पडतात. त्यातही त्यांचा रोख जास्त करून काळ्या केसांवर असतो, पांढऱ्यांना ते बऱ्याचदा सोडून देतात! मिश्र केसांच्या माणसाला चाई झपाट्याने पसरली तर काळे गळून पांढरे तेवढे उरतात. एका रात्रीत केस पांढरे झाल्याच्या ज्या कथा जगभर ऐकू येतात, त्यांतल्या काहींचा उलगडा इथे होतो. मुळं मात्र मरत नाहीत. म्हणून चाईचे चट्टे पुष्कळदा आपोआप भरून येतात, आणि श्रेय जातं कांद्याला.

घट्ट वेणी? होय, तीही. कानशिलावरचे केस वर्षानुवर्षं ओढले गेले की मुळं थकतात आणि शेवटी व्रण उरतो. ही गळती वैद्यकात पहिल्यांदा नोंदली गेली ती १९०७ साली, ग्रीनलंडच्या बायकांमध्ये. त्या केस ताणून डोक्यावर उंच बांधत. बर्फातल्या बायका आणि आपल्या शाळेतल्या दोन वेण्या-रिबिनीवाल्या मुली यांचं दुखणं एक असावं, ही मला यातली सर्वांत अनपेक्षित भेट वाटते.

आणि आता बुलढाण्याकडे येऊ. ही गोष्ट सगळे नियम मोडते, म्हणूनच ती नियम शिकवते.

डिसेंबर २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज. मग केस राठ. तिसऱ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी केस हातात. आठवड्याभरात टक्कल. बाया, पुरुष, पोरंसोरं, सगळेच. जानेवारी २०२५ मध्ये बातम्या देशभर गेल्या. बाधितांचा आकडा अठरा गावांत मिळून तीनशेच्या आसपास पोहोचला. कॉलेजच्या मुलींनी स्कार्फ बांधून घराबाहेर पडणंच कमी केलं. काहींनी उरलेले केसही काढून टाकले. कुणाच्या सोयरिकी अडल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं गावात आली.

पहिला संशय पाण्यावर, आणि तो अगदी स्वाभाविक. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या बदनाम. पाण्यात नायट्रेट जास्त निघालंही. मग बुरशीचा संशय आला. पण जरा वर सांगितलेलं घड्याळ आठवा. तापाने, अशक्तपणाने, बाळंतपणाने केस गळायला तीन महिने लागतात. इथे लागले तीन दिवस. केसाला विश्रांतीला जायलाही सवड मिळाली नाही! म्हणजे घाव वाढत्या केसावर, थेट गड्ड्यातल्या दुभंगणाऱ्या पेशींवर पडला होता. असं आपण एरवी कुठे बघतो? कॅन्सरच्या औषधांत. ती वेगाने दुभंगणाऱ्या पेशी मारतात आणि म्हणूनच दोनतीन आठवड्यांत केस नेतात. बुलढाण्यात असं काहीतरी विष पोटात गेलेलं असणार. पण कुठलं?

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं नाव विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगभर गेलेलं. मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे मराठवाड्याचेच. त्यांनी या गावांतून रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू यांचे नमुने गोळा करून तपासून घेतले. त्यांच्या निष्कर्षांत सेलेनियम हे मूलद्रव्य रक्तात सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट निघालं. जस्त मात्र कमी होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम सापडलं, तर स्थानिक गव्हात दोनहून कमी. हा रेशनचा गहू पंजाबातून आलेला होता, असं बावस्करांचं म्हणणं. पंजाबात शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहर भागांत काही जमिनी सेलेनियमने भरलेल्या आहेत, हे मातीचे अभ्यासक पूर्वीपासून जाणतात.

आकड्याचा अर्थ लावून बघू. माणसाला दिवसाला सेलेनियम लागतं मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाएवढं. ०.४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. साडेचौदाच्या गव्हाची पाव किलो कणीक एका दिवसात पोटात गेली तर साडेतीन मिलिग्रॅमहून अधिक होतं. मर्यादेच्या नऊ पट! आणि कष्टाच्या घरात पाव किलो कणीक म्हणजे काही फार नव्हे.

पण सेलेनियम केसांवरच का उठलं? याचं उत्तर ऐकून मी काही वेळ नुसता तक्त्याकडे बघत राहिलो. मूलद्रव्यांच्या त्या तक्त्यात गंधकाच्या बरोबर खालच्या घरात सेलेनियम बसतं. दोघांची रासायनिक वागणूक भावाभावांसारखी मिळतीजुळती. गव्हाचं झाड जमिनीतून गंधक घ्यायला जातं आणि सेलेनियमही उचलतं, आणि गंधकाच्या जागी ते बसवून प्रथिनं बनवतं. आपलं शरीरही ते प्रथिन ओळखू शकत नाही आणि तसंच वापरून टाकतं. आता केराटिनची ताकद कशात आहे? गंधकाच्या दोन अणूंनी एकमेकांचा हात धरलेल्या जोडण्यांत. केस जाळला की जो उग्र वास येतो तो याच गंधकाचा. त्या जागेवर तोतया येऊन बसला की केसाचा दोरच कच्चा निघतो.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. १८५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या डकोटा भागात फोर्ट रँडल या लष्करी ठाण्यावर घोड्यांची आयाळ आणि शेपटी झडली, खूर सुटले. लष्करी डॉक्टरने ते लिहून ठेवलं, कारण मात्र कित्येक दशकं कळलं नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात दुष्काळाने भात बुडाला, लोकांना तिथल्याच जमिनीतल्या मक्यावर आणि भाजीपाल्यावर दिवस काढावे लागले, आणि गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली. सर्वाधिक फटका बसलेल्या पाच खेड्यांत जवळपास निम्मी माणसं आजारी होती. डकोटा, एन्शी, शेगाव: तिन्हीकडे खाणं जमिनीने ठरवलं. फरक एवढाच, की शेगावची ती जमीन त्यांच्या पायाखालची नव्हती.

पुढे काय झालं? बहुतेकांचे केस परत आले. काही आठवड्यांतच तुळतुळीत डोक्यांवर खुंट दिसू लागले. कारण केसाच्या मुळाच्या बाजूला, गड्ड्यापासून जरा वर, एक फुगवटा असतो आणि त्यात मूळपेशी जपून ठेवलेल्या असतात. १९९० साली त्यांचा ठावठिकाणा पहिल्यांदा लागला; तोवर सगळे गड्ड्यातच शोधत होते. या मूळपेशी फार क्वचित दुभंगतात. दुभंगणाऱ्यांना मारणारं विष आलं, तेव्हा त्या स्वस्थ होत्या, म्हणून वाचल्या. उभं पीक गेलं, बियाणं कणगीत शाबूत.

आणि मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नवी बातमी आली. आता नखं खराब होऊन गळत होती. लोक पुन्हा हादरले, की हा कुठला नवा रोग? पण नखही केराटिनचंच, गंधकाच्या त्याच जोडण्यांवर उभं. फक्त ते वाढतं केसाहूनही हळू, महिन्याला तीनएक मिलिमीटर, आणि त्याचा जन्म होतो कातडीच्या घडीखाली, आपल्याला न दिसणाऱ्या जागी. डिसेंबर-जानेवारीत तिथे झालेला घाव नखाबरोबर पुढे सरकत सरकत उजेडात यायला एप्रिल उजाडावा लागला. हिशेब जुळतो. हाताचं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याचं मात्र बारा ते अठरा महिने घेतं.